फरशीला कान लावण्याआधी

शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की घराघरांत जाड कादंबऱ्या हातोहात फिरू लागतात आणि या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांतही त्यांचाच भरणा होतो. यंदा जुन्या नाशकातल्या तीन घरांतून आमच्याकडे एकाच पुस्तकाविषयी विचारणा झाली. पुस्तक आहे अमेरिकन लेखक डॅन ब्राऊन यांचे ‘इन्फर्नो’. ते २०१३ साली आले. मराठीतही त्याचा अनुवाद आहे आणि २०१६ साली त्यावर चित्रपटही निघाला. प्रश्न थोडक्यात असे: इस्तंबूलच्या आया सोफियाजवळ जमिनीखाली खरोखर तळे आहे का? मशिदीत एका ख्रिस्ती सरदाराची कबर कशी? तिथल्या खांबांखाली राक्षसिणीचे तोंड का कोरले आहे? आणि एका आईचा प्रश्न: हे सगळे खरे असेल, तर पुस्तकात लोकसंख्येबद्दल जे म्हटले आहे तेही खरे मानायचे का?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, पण त्याच्याकडे जाण्याची वाट पहिल्या तिघांतून जाते. म्हणून क्रमाने जाऊ.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. चिन्हांचा अभ्यास करणारे प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका दवाखान्यात शुद्धीवर येतात. मागील दोन दिवसांचे त्यांना काहीच आठवत नाही. झोब्रिस्ट नावाच्या एका श्रीमंत शास्त्रज्ञाने एक विषाणू तयार करून कुठेतरी दडवला आहे. त्याचा ठावठिकाणा त्याने इटालियन कवी दान्ते यांच्या नरकवर्णनाच्या आधारे कोड्यांत गुंफला आहे. कोडी सोडवत लँग्डन फ्लॉरेन्सहून व्हेनिसला आणि व्हेनिसहून इस्तंबूलला पोहोचतात. आया सोफियातील एका कबरीपाशी गुडघे टेकून, फरशीला कान लावून, खाली वाहणाऱ्या पाण्याचा माग काढायचा, असे ते शेवटचे कोडे. तो माग त्यांना शेजारच्या जमिनीखालील प्राचीन जलाशयात घेऊन जातो.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच लेखकाने सांगितले आहे की, यातील कलाकृती, साहित्य, विज्ञान आणि इतिहासाचे संदर्भ खरे आहेत. वाचकाच्या मनातील पहारेकरी तिथेच झोपी जातो. गंमत म्हणजे ही ग्वाही बरीचशी खरीही आहे. म्हणूनच खरे कुठे संपते आणि रचलेले कुठे सुरू होते, हे पाहावे लागते.

खरे काय आहे

जलाशय खरा आहे. त्याला तुर्की भाषेत येरेबातान म्हणतात, म्हणजे जमिनीत बुडालेला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळी तो बांधला गेला. लांबी सुमारे १४० मीटर, रुंदी सुमारे ७० मीटर, बारा रांगांत अठ्ठावीस-अठ्ठावीस असे ३३६ खांब, प्रत्येक खांब सुमारे ९ मीटर उंच. शहराबाहेरच्या झऱ्यांचे पाणी दगडी पाटांनी इथे आणून साठवले जाई आणि राजवाड्याला व आसपासच्या इमारतींना पुरवले जाई. पुढे लोकांना त्याचा विसर पडला. सोळाव्या शतकात पेत्रुस गिलियुस नावाचा एक फ्रेंच विद्वान जुन्या इमारतींच्या शोधात इस्तंबूलला आला, तेव्हा लोक घराच्या तळमजल्यातील भोकातून बादली सोडून पाणी काढतात आणि मासेही धरतात, असे त्याला समजले. खाली काय आहे, हे त्याने उतरून पाहिले. तेव्हापासून विद्वानांच्या जगाला हा जलाशय पुन्हा माहीत झाला.

कबरीची गोष्टही निराधार नाही. एनरिको दांदोलो हा व्हेनिसचा प्रमुख, वृद्ध आणि अंध. १२०४ साली चौथ्या क्रुसेडच्या सैन्याने, म्हणजे पश्चिमेकडील ख्रिस्ती सैन्याने, पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांची ही राजधानी लुटली. त्या मोहिमेत दांदोलोचा मोठा हात होता. पुढच्याच वर्षी तो तिथे मरण पावला आणि आया सोफियात त्याचे दफन झाले. आया सोफिया तेव्हा मशीद नव्हती, चर्च होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एवढे साधे आहे.

राक्षसिणीचे तोंडही आहे. जलाशयाच्या एका कोपऱ्यात दोन खांबांच्या बुडाशी ग्रीक पुराणातील मेदुसाची मुंडकी आहेत. एक आडवे, दुसरे उलटे.

वाकवलेले काय आहे

आता कादंबरीकाराने काय केले ते पाहू. दांदोलोच्या नावाची जी फरशी आज दिसते, ती अभ्यासकांच्या मते एकोणिसाव्या शतकात बसवलेली आहे. शिवाय ती वरच्या सज्जात आहे. जमिनीपासून इतक्या उंचावरच्या फरशीला कान लावून दीडशे मीटरवरच्या जलाशयाकडे जाणाऱ्या पाण्याचा माग लागेल, हे कल्पनेतच शक्य आहे.

मेदुसाच्या मुंडक्यांचेही तसेच. ती पाहून कादंबरीच्या वाचकाला पाताळातील राक्षस आठवतो. अभ्यासकांचे सर्वसाधारण मत असे की, एखाद्या जुन्या रोमन इमारतीचे दगड गवंड्यांनी इथे आणून वापरले. खांब उंचीला कमी पडत होते, म्हणून बुडाशी दगड सरकवला; तो ज्या बाजूने नीट बसला त्या बाजूने बसवला. आपल्याकडे जुना वाडा पाडला की त्याची तुळई आणि चौकट नव्या घरात लागते, तसाच हा प्रकार. त्यात गुपित नाही, गवंड्याची काटकसर आहे.

तिसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. कादंबरीतील कोडे आया सोफियाला वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखते. पुस्तक आले तेव्हा ते तसे होतेच. १९३४ साली तुर्की मंत्रिमंडळाने ठराव केला आणि १९३५ पासून लोक तिथे तिकीट काढून जाऊ लागले. परंतु जुलै २०२० मध्ये तो ठराव रद्द झाला आणि २४ जुलैला तिथे पुन्हा जुम्याची नमाज झाली. म्हणजे कादंबरी छापून सात वर्षे झाली आणि तिच्यातील कोड्याचा अर्धा आधार निघून गेला. कादंबरीतील शहर छापले त्या दिवशी थांबते. खरे शहर चालत राहते.

चिन्ह म्हणजे कुलूप नव्हे

थरारकथेत प्रत्येक खूण ही एक किल्ली असते. घुमट, कमान, आकडा, अक्षर यांतून पुढचा दरवाजा उघडतो. दरवाजा उघडला की त्या खुणेचे काम संपते. वाचक पान उलटतो. ५३२ ते ५३७ या पाच वर्षांत उभी राहिलेली, चौदा शतकांहून अधिक काळ माणसांनी जिच्यात डोके टेकले ती इमारत कथेत वीस-पंचवीस पानांत आटोपते.

लँग्डन आया सोफियात शिरतात तेव्हा दोन धर्मांच्या कलेतील फरक त्यांना जाणवतो: ख्रिस्ती परंपरेत चित्रे, इस्लामी परंपरेत अक्षरे आणि भूमितीच्या आकृती. हे निरीक्षण योग्य आहे. पण कथेला घाई आहे, म्हणून ते तिथेच राहते. आपण जरा थांबू.

अँथेमियस आणि इसिडोर या दोन स्थापत्यकारांनी सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट जमिनीपासून सुमारे ५५ मीटर उंचावर पेलून धरला. घुमटाच्या तळाशी चाळीस खिडक्या ठेवल्या. त्यांतून प्रकाश आला की घुमट भिंतीवर टेकलेला नसून वर तरंगत असल्याचा भास होतो. ५५८ साली भूकंपाच्या धक्क्यांनी हा घुमट कोसळला. मग थोरल्या इसिडोरच्या पुतण्याने तो अधिक उंच करून पुन्हा बांधला. सोळाव्या शतकात मिमार सिनान या उस्मानी स्थापत्यकाराने बाहेरून भक्कम टेकू देऊन तो सावरला. घुमट ख्रिस्ती हातांनी बांधला आणि मुस्लिम हातांनी टिकवला. आज तो उभा आहे तो या दोघांमुळे.

आतील आठ मोठी गोल फलके पाहा. अल्लाहचे नाव, हजरत मुहम्मद (स.) यांचे नाव, चार खलिफांची नावे आणि हजरत हसन व हुसैन (रजि.) यांची नावे. ती एकोणिसाव्या शतकातील खुशनवीस मुस्तफा इज्जत एफेंदी यांच्या हातची आहेत. प्रत्येकाचा व्यास सुमारे साडेसात मीटर. इमारतीचे संग्रहालय झाले तेव्हा ती खाली उतरवली गेली. पण दारातून बाहेर निघेनात, म्हणून आतच राहिली आणि पुढे पुन्हा वर चढली. ही अक्षरे कुठलेही गुपित सांगत नाहीत. ज्याला वाचता येते त्याला ती सरळ वाचता येतात. आपल्या घरातील दिवाणखान्यात जी नावे असतात, तीच ती नावे.

सर्वांत सुंदर खूण मात्र कादंबरीवाल्यांच्या नजरेतून हमखास सुटते. आया सोफियाची मूळ बांधणी चर्चची, त्यामुळे तिचे तोंड किब्ल्याकडे नाही. १४५३ नंतर इमारत फिरवता येणार नव्हती. म्हणून मेहराब तेवढी मध्यापासून किंचित उजवीकडे सरकवली. नमाजींच्या सफा इमारतीच्या रेषेला जरा तिरप्या पडतात. दगडाची दिशा एक आणि सजद्याची दिशा दुसरी, यांतील ते थोडे अंतर म्हणजे या वास्तूचा सगळा इतिहास. ते दडवलेले नाही. दारातून आत येणाऱ्या कोणालाही दिसते.

जमिनीखालचे पाणी

कादंबरीत जलाशय ही भयाची जागा आहे. लाल दिव्यांचा उजेड, अंधारे पाणी, दान्तेच्या नावाने रचलेले संगीत आणि पाण्यात विष. भय निर्माण करण्यासाठी याहून चांगली जागा मिळणे कठीण, हे आम्ही मान्य करतो. लेखकाने ती उत्तम निवडली आहे.

पण जलाशय बांधणाऱ्याचा हेतू नेमका उलटा होता. वेढा पडला, पाऊस पडला नाही, तरी शहराला पाणी मिळावे. आपल्याकडे औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की अनेकांनी पाहिली असेल. डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापर्यंत येते, उंचावरून पडते आणि त्याच्या जोरावर जाते फिरते. त्या जात्यावर फकिरांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी दळण होई. त्याच शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी जमिनीखालून नहर आणली. मदिनेत हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ही गोष्ट आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. पाणी देणे हा सदका-ए-जारिया, देणारा गेला तरी चालू राहणारे पुण्य.

तेव्हा मुलांना सांगावे: गोष्टीतील तळघरात विष होते, ठीक आहे. पण तळघर ज्याने बांधले त्याने पाणी साठवले होते.

भव्य इमारत आणि खोटा हिशेब

आता चौथा प्रश्न. झोब्रिस्टचे म्हणणे असे की, माणसांची संख्या अशीच वाढत राहिली तर पृथ्वीचा नरक होईल. म्हणून संख्या कमी केली पाहिजे. चित्रपटात विषाणू रोखला जातो. कादंबरीत तो आधीच पसरलेला असतो आणि त्यामुळे जगातील एक तृतीयांश माणसांना मूल होऊ शकणार नाही. लेखक झोब्रिस्टला सरळ नायक करत नाही, पण त्याचे म्हणणे इतक्या वेळा आणि इतक्या गंभीरपणे मांडले जाते की, पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनात तेच उरते.

इथे वास्तू काय काम करते, ते लक्षात घ्या. ३३६ खांब खरे, दांदोलो खरा, मेदुसा खरी. मग त्याच पानावरचा लोकसंख्येचा युक्तिवादही खराच असणार, असे मन ठरवून टाकते. दगडाची साक्ष दगडापुरती असते. ती युक्तिवादाला लागू होत नाही. माल्थस यांनी १७९८ साली हीच भीती मांडली होती. पुढे शेती बदलली, औषधे बदलली, मुली शाळेत गेल्या आणि जगभर कुटुंबे आपोआप लहान होत गेली.

आपल्या देशात ही भीती नेहमी एका समाजाकडे बोट दाखवून सांगितली जाते, म्हणून आकडे प्रत्येक घरात माहीत असावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील मुस्लिम स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या १९९२-९३ मध्ये ४.४ होती, २०१९-२१ मध्ये ती सुमारे २.४ वर आली. हा बदल कुठल्या विषाणूने केला नाही, की सक्तीनेही केला नाही. सक्ती देशाने १९७६ साली आणीबाणीत पाहिली आहे, आणि नसबंदीच्या त्या मोहिमेत कोणत्या वस्त्यांनी काय सोसले ते आपल्या वडीलधाऱ्यांना आठवते. ‘एक तृतीयांश’ हा कादंबरीत आकडा असतो. प्रत्यक्षात ती कोणाची तरी कूस असते.

खाली काय आहे?

थरारकथेची आणखी एक सवय आहे. जे दिसते त्याच्या खाली दुसरे काहीतरी असते आणि तेच खरे असते. पुस्तकात ही सवय रंजक आहे. पुस्तकाबाहेर आली की ती वस्तीत भीती पेरते. पु. ना. ओक या आपल्याच मराठी लेखकाने ताजमहाल हा मुळात मंदिर-राजवाडा असल्याचा दावा अनेक वर्षे मांडला. त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली. तरी तो दावा आजही मोबाइलवर फिरतो, कारण त्याची रचना थरारकथेसारखी आहे: बंद खोल्या, दडवलेली चिन्हे, आणि सगळ्यांना ठाऊक असूनही कोणी न सांगितलेले सत्य. आपल्या देशात जुन्या इमारतींखाली काय आहे, या प्रश्नापायी माणसांचे किती रक्त सांडले, हे इथे वेगळे सांगायला नको.

पण आपण न्याय मागतो तर न्यायाने बोललेही पाहिजे. आया सोफिया ५३७ पासून १४५३ पर्यंत, म्हणजे नऊशेहून अधिक वर्षे चर्च होते, हे आपल्या मुलांना आपणच सांगितले पाहिजे. ते दुसऱ्या कोणा कादंबरीकाराकडून, सनसनाटी म्हणून त्यांना कळू नये. २०२० च्या निर्णयाविषयी मुस्लिम जगातही एकमत नव्हते. जेरुसलेम ताब्यात आले तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी तिथल्या मोठ्या चर्चमध्ये नमाज अदा करण्याचे टाळले, पुढे मुसलमानांनी त्या निमित्ताने चर्चवर हक्क सांगू नये, म्हणून ते बाहेर येऊन नमाज पढले, असे इतिहासग्रंथ सांगतात. हा आदर्श आपल्या घरचा आहे. दुसऱ्याच्या वास्तूबद्दल आपण किती खरे बोलतो, यावर आपल्या वास्तूबद्दलच्या बोलण्याचे वजन ठरते.

दान्तेविषयीही असेच. त्यांच्या काव्यात आपल्या श्रद्धास्थानाविषयी जे आले आहे ते मुस्लिम वाचकाला बोचते आणि बोचणारच. परंतु त्याच काव्यात इब्ने सीना, इब्ने रुश्द आणि सुलतान सलाहुद्दीन यांना यातनांपासून दूर, सज्जन विद्वानांच्या पंक्तीत बसवले आहे. मिगेल आसिन पालासियोस या स्पॅनिश पाद्री-विद्वानाने १९१९ साली असे मांडले की, दान्तेच्या परलोकयात्रेवर मेराजच्या वर्णनांचा प्रभाव आहे. वाद अजून चालू आहे. राग आला तरी वाचून घ्यावे, म्हणजे उत्तर देता येते.

आपले शहर कोणी लिहिले तर?

‘इन्फर्नो’त फिलिपिन्सच्या मनिला शहराला नरकाचे दार म्हटले आहे. तेव्हा मनिलाच्या महानगर प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी लेखकाला उघड पत्र लिहून नाराजी कळवली. फ्लॉरेन्सला त्याच पुस्तकाने पर्यटक दिले. कादंबरीच्या वाटेने शहर दाखवणाऱ्या सहली तिथे सुरू झाल्या. एकाच लेखणीने एका शहराला सहल दिली आणि दुसऱ्याला डाग.

उद्या कोणी नाशिकवर अशी कादंबरी लिहिली तर त्याला साहित्याची वाण पडणार नाही. काळ्या पाषाणाचे मंदिर, नदीकाठची कुंडे, सराफ बाजारातील सरकारवाडा, डोंगरातील लेणी, जुन्या नाशकातील बडी दर्गा आणि मुघल काळात शहराला मिळालेले गुलशनाबाद हे नाव. एवढ्यावर पाचशे पाने सहज भरतील. त्यात काय खरे असेल, हे मात्र नाशिककरांनाच सांगता यायला हवे.

जुन्या गढीचेच पाहा. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासून मुघल-मराठा काळापर्यंतचे थर एकावर एक निघाले. खाली काय आहे, याचे हे शास्त्रशुद्ध उत्तर: आपल्याआधीची माणसे, त्यांची मडकी, त्यांच्या चुली. कोणत्याही थराने वरच्या थराला हुसकून लावले नाही.

त्रिरश्मी लेणी पाहा. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तिथे संबंध नाही. ती बौद्ध लेणी आहेत, एकूण चोवीस. दहाव्या लेण्यात ब्राह्मी लिपीत एक मोठा लेख आहे. थरारकथेच्या वाचकाला वाटेल, खजिन्याचा नकाशा असणार. वाचला तर तो जमाखर्च निघतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, हजारांवर दरमहा शेकडा पाऊण. दोन हजारांचे वर्षाला दोनशे चाळीस होतात. त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब तंतोतंत जुळतो. व्याजाबाबत आपला दृष्टिकोन वेगळा आहे, ते असो. पण जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या विणकरांवर एवढी रक्कम विश्वासाने सोपवली जात होती, हे कळून मालेगावच्या मागांवर बसलेल्या भावांना बरे वाटेल.

आणि काळाराम मंदिराचा दरवाजा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या दारापाशी सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. त्या दाराची खूण समजायला कोणतेही कोडे सोडवावे लागत नाही. दार बंद होते, माणसे बाहेर उभी होती. एवढे कळले तरी पुरे.

कादंबरी वाचावी का?

वाचावी. पवित्र कुरआनात हजरत यूसुफ (अ.) यांच्या कथेला सर्वोत्तम कथा म्हटले आहे, कथेचे वावडे आपल्या परंपरेला नाही. त्याच कुरआनात सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की तिची शहानिशा करा, अजाणता कोणाचे नुकसान करून पस्तावू नका, अशीही ताकीद आहे. दोन्ही एकत्र पाळता येतात.

पालकांना आमची विनंती एवढीच: मुलाच्या हातातून पुस्तक काढून घेऊ नका, त्याच्या शेजारी बसा. पुस्तकात एखादी इमारत आली की तीन गोष्टी त्याला शोधायला सांगा. ती कोणी आणि कशासाठी बांधली? लेखकाने तिच्यातील काय उचलले आणि काय सोडले? आज तिथे कोण राहतो, कोण इबादत करतो, कोण झाडू मारतो? शेवटचा प्रश्न विसरू नका. थरारकथेतील शहरात पळणारे असतात, पाठलाग करणारे असतात. राहणारे क्वचितच असतात.

आणि चित्रपट पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ‘इन्फर्नो’त जगभर गुप्त कारभार चालवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाची भूमिका इरफान खान यांनी केली आहे. पडद्यावर ते कोणालाच ठाव न लागणारे गृहस्थ आहेत. आपल्या नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात, त्यांनी जमीन घेतली होती आणि तिथल्या लोकांना शाळेसाठी, दवाखान्यासाठी मदत केली होती. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, त्यानंतर गावकऱ्यांनी आपल्या वस्तीला ‘हिरोची वाडी’ असे नाव दिल्याचे वर्तमानपत्रांत आले. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन बाहेर पडलात, तर त्रिरश्मीच्या दहाव्या लेण्यातील तो हिशेब दाखवा आणि तिथून इगतपुरीकडेही जा.